मामाची फुंकर

हवेत नायट्रोजन ढीगभर. पण त्याचे अणू जोडीजोडीने एकमेकांच्या गळ्यात असे पडलेले, की सोडवता सुटत नाहीत. ती मिठी सोडवायची म्हणून भाचीने पाण्यावर वीज नाचवली. काचेच्या भांड्यात, सुईच्या टोकाशी जांभळी ठिणगी तडतडायची आणि पाण्यात नायट्रेट उतरायचं. ते यायचंच. रुसून बसायची ती अमोनिया. ती वाट चुकून आलीच तर शेजारच्या बाटलीतलं आम्ल तिला धरून ठेवायचं, आणि वर तपासणीचं औषध घातलं की आम्ल निळं व्हायचं.

हल्ली ते होत होतं. फिकट, पण निळंच. सोमवारी साहेब बघायला येणार होते. पटलं तर काम पुढे, नाहीतर खोलीला कुलूप.

भांडी घडवायचा तिचा सख्खा मामा. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेलं. रोज सकाळी नळ्या जोडून झाल्या की तो एक टोक तोंडात धरून फुंकायचा. फुंकर पार आम्लाच्या बाटलीत जाऊन बुडबुडली, म्हणजे वाटेत गळती नाही. मग स्वतःशीच गुणगुणायचा,

माझी फुंकर गं बाई, काचेच्या पोटात
उजेड उतरला, पाण्याच्या ओठांत

"अरे मामा, गळती बघायला यंत्र आहे."

"यंत्राला फुफ्फुसं आहेत का? गप बस, शहाणे."

साहेब विचारणारच, म्हणून शुक्रवारी तिने नायट्रोजनऐवजी नुसता आर्गॉन वायू सोडला, ज्यातून अमोनिया बनूच शकत नाही. आता निळं व्हायला नको होतं. झालं. वीज बंद ठेवली. तरी झालं. म्हणजे ही अमोनिया हवेतून आलेलीच नव्हती.

"तोंड का उतरलं गं?" मामा जवळ वाकला. हल्ली तो सारखी लवंग चघळायचा. त्या लवंगेखालून अमोनियाचा उग्र वास आला. आईची मूत्रपिंडं थकली तेव्हा तिच्या श्वासाला हाच वास यायचा.

तिने स्वच्छ बाटलीत नवं आम्ल घेतलं. "यात फुंक बघू, मामा."

त्याने गाल फुगवून फुंकलं. तिने औषध घातलं. जरा वेळाने बाटली निळी झाली. इतकी गडद ती कधीच झाली नव्हती.

"अगं, झालं की! ठिणगीसुद्धा लागली नाही! आज ताई असती तर..." बोलता बोलता तो थांबला. हात आपसूक तोंडावर गेला.

"कधीपासून रे?"

"पाय सुजतात जरासे. म्हटलं, तुझा सोमवार होऊन जाऊ दे."

सोमवार आता कशाला यायचा होता? ती स्टुलावर बसून राहिली. मामाने बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"रंग मात्र सुरेख आलाय," तो म्हणाला.