पडद्यामागचं यार्ड

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पडद्यामागची जागा चांगली तीन-चार किलोमीटर लांब झाली होती, आणि माझी बायको कुमुद तिच्या पलीकडच्या टोकाला होती. पुढून बघणाऱ्याला काहीच फरक दिसत नव्हता. नागपुरातलं तेच मंगल कार्यालय, तीच भिंत, आणि भिंतीपासून स्टूल मावेल इतक्या अंतरावर आमचा कापडी पडदा.

छोट्या रेल्वेचं प्रदर्शन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर असतं ते स्टेशन. आमचं कळमजोंडी, नॅरोगेज, प्लॅटफॉर्मवर माठ आणि बोटाच्या पेराएवढा स्टेशनमास्तर. त्याच्या मागे सातपुड्याचे डोंगर रंगवलेला पडदा आणि पडद्यात बोगद्याचं भोक. गाडी त्यातून आत जाते. आत यार्ड असतं. तिथे कुणीतरी बसून गाडी थांबवतं, इंजिन दुसऱ्या टोकाला लावतं आणि परत पाठवतं. पुढे मी असतो, मागे कुमुद. पुढे लोकांशी गोड बोलावं लागतं, ते मला जमतं. मागे चूक चालत नाही, म्हणून कुमुद. मी एक घंटी दिली की गाडी पाठव, तिने दोन दिल्या की गाडी पोचली. एवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं उत्तम चाललंय.

पहिल्या दिवशी 'छोटी लाईन' मासिकाचे संपादक टेंभेकर आले होते. त्यांच्या मुखपृष्ठावर ज्याचं स्टेशन येतं, त्याला आमच्या छंदात पुढे कुणी नावं ठेवत नाही. माझं अजून आलं नव्हतं. येणार याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नव्हती. टेंभेकरांनी भिंग लावून रुळांमधली खडी पाहिली, माठ पाहिला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"देशकर, सगळं झकास आहे. पण तुमची गाडी आत गेली नाही तं बाहेर येऊन राहिली. पुढलं स्टेशन काय पडद्याला चिकटलं आहे का?"

मी पडद्याच्या फटीपाशी गेलो. "कुमुद, गाडी आत जरा जास्त वेळ ठेवशील?"

"किती?"

"खरं वाटेल इतका."

"बरं," ती म्हणाली. कुमुदला एकदा सांगितलेलं काम पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन आत गेली आणि मी पहिली गाडी सोडली. गाडी बोगद्यात शिरली. तिचा आवाज लहान होत होत गेला आणि मग थांबला. लोक थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्च्या ओढून बसले. एका बाईंनी संत्री सोलायला घेतली. बऱ्याच वेळाने दोन घंट्या आल्या, दूरवरून. गाडी परतली तेव्हा डब्यांचे टप ओले होते आणि इंजिनाच्या पुढच्या पट्टीत गवताची काडी अडकली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेंभेकर आज पुन्हा आले होते, ते उठून उभेच राहिले.

"आता पटते!" ते म्हणाले. "फोटो घेतो मी."

मी फटीला तोंड लावून म्हटलं, "कुमुद, जमलं हं!"

उत्तर यायला वेळ लागला. "हो. चहा मिळेल का?"

दुधाच्या टँकर वॅगनमध्ये चहा भरून पाठवला. वॅगन धुऊन परत आली, आणि तिच्या मागे दोन डबे जास्तीचे लागलेले होते. ते आमचे नव्हते. त्यांचा रंग माझ्या डब्यांपेक्षा सरस होता, हे मी इथे मोकळ्या मनाने लिहितो. खिडक्यांत दिवे होते. एका खिडकीशी एक म्हातारा टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि तो श्वास घेत होता.

"हे कुठून मागवले?" टेंभेकरांनी विचारलं.

"घरीच केले," मी म्हणालो. कुमुदने केलं म्हणजे घरीच झालं.

दुपारपर्यंत असंच चाललं. गाडी जास्त जास्त उशिरा यायची आणि जास्त जास्त सुंदर होऊन यायची. लोक हलायला तयार नव्हते. टेंभेकरांनी मुखपृष्ठ नक्की करून टाकलं. मी सुखात होतो. मग कार्यालयाचे मॅनेजर निखाडे आले.

"साहेब, आवरा आता. संध्याकाळी रिसेप्शन आहे."

"अजून वेळ आहे की."

"डेकोरेशनवाले आले ना बापा. बघा तरी."

मी वळून पाहिलं. गुलाबी कापड लावत लावत मंडपवाले आमच्या टेबलापर्यंत पोचले होते. हॉलच्या बाकी भिंती कापडामागे गेल्या होत्या आणि कापड दर खेपेला थोडं पुढे येत होतं. बघणारे लोक खांद्याला खांदा लावून बसले होते, पण कुणी तक्रार करत नव्हतं.

आमचं टेबल चार फळ्यांचं आहे. आवरायचं म्हणजे बोल्ट काढून फळ्या सुट्या करायच्या आणि पडदा गुंडाळायचा. एरवी आवरायला घेतलं की कुमुद पडद्याच्या कडेने बाहेर येते आणि वायरी सोडवू लागते. या वेळी ती तीन-चार किलोमीटर आत होती. फळ्या सुट्या झाल्यावर ती जागा कुठे जाईल, हे निखाड्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

"कुमुद!" मी फटीतून हाक मारली. "चल, आटपलं!"

काही ऐकू आलं नाही. मी घंटीकडे हात नेला आणि तिथेच थांबलो. आमच्याकडे 'गाडी पाठव'ची घंटी आहे, 'गाडी पोचली'ची आहे. 'तू ये'ची नाही. कधी लागलीच नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"निखाडे, बोल्टला हात लावू नका. मी बायकोला घेऊन येतो."

"लवकर या," ते म्हणाले. पाना त्यांच्या हातातच होता.

मी पडद्याच्या कडेने आत शिरलो. रूळ माझ्या कमरेच्या उंचीवर सरळ पुढे जात होते, आणि मी त्यांच्या कडेने चालू लागलो. डोंगर उलट्या बाजूने नुसतं कोरं कापड होते, कुमुदने घातलेल्या टाक्यांसकट. मध्ये एका ठिकाणी जमीन ओली होती. मी भराभर चाललो. चालायला मी पक्का आहे आणि कुमुद समजूतदार आहे. अर्ध्या वाटेत भीती बरीचशी गेली.

शेवटी यार्ड आलं. स्टूल होतं, डबा होता, घासून पालथा घातलेला. माझ्या सगळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. कुमुद नव्हती. स्टुलाच्या पुढे आणखी एक पडदा होता आणि त्यात बोगद्याचं भोक होतं. पलीकडून माणसांची गजबज येत होती, आणि त्या गजबजीत तिचा आवाज होता. इतका ऐसपैस आवाज मी तिच्या तोंडून घरी ऐकलेला नाही.

"गाडी उशिराच येते," ती सांगत होती. "पुढचं स्टेशन लांब आहे ना."

"आणि मागे कोण असतं हो?" कुणीतरी विचारलं.

"आमचे हे. फार हौशी आहेत."

"कुमुद!" मी ओरडलो. "अगं, मी आहे इथे!"

"ऐकलं?" ती लोकांना म्हणाली. "वारा इकडचा असला की तिकडचा आवाज असा येतो." लोक हसले. कॅमेऱ्याचा आवाज झाला. मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल अभिमानही वाटला, दोन्ही खरं.

पडद्याची कड धरून पलीकडे जावं म्हणून मी शोधलं, तर पडदा दोन्ही बाजूंना भिंतीला शिवलेला होता. टाका तिचाच, बारीक आणि पक्का. मागे कुठेतरी बोल्ट जमिनीवर पडला. मग दुसरा. मी वळलो, तर आलो ती वाट स्टूल मावेल इतकीच उरली होती. मी स्टुलावर बसलो. तिसरा बोल्ट पडला तेव्हा माझे गुडघे पडद्याला टेकले.

आता एकच उपाय होता. मी उजवा हात बोगद्यात घातला. तो कोपरापर्यंत गेला. तेवढ्यात पलीकडून कुमुदचा हात आत आला, हिरव्या बांगड्यांसकट, गाडी कुठे अडकली ते चाचपत. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. मी ती धरून ठेवली नाहीत. धरायची गरज नव्हती, ती मला अंधारातसुद्धा ओळखते.

तिने माझं पहिलं बोट चिमटीत धरलं आणि एका रुळावर टेकवलं. दुसरं बोट दुसऱ्या रुळावर. नीट बसली का ते हलकेच हलवून पाहिलं, हात काढून घेतला, आणि पलीकडे एक घंटी वाजली.