वॉल्टरकाकांचं फावडं

बर्फ पडून गेलेल्या सकाळी आमच्या अमेरिकन उपनगरात, नेपरव्हिलमध्ये, सारे आवाज विरून जातात, आणि त्या नीरव शुभ्रतेत एकच आवाज उरत असे, सिमेंटवर घासत जाणाऱ्या फावड्याचा. खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. थांबणं लांबलं की मी खिडकीशी जाई, कारण आज वॉल्टरकाकांना दम लागतो आहे हे मला तेवढ्यावरून कळे.

काका हे मीच त्यांना लावलेलं. शेजारचे नव्वदी उलटलेले गृहस्थ. पाठीला पोक, अंगावर विटका खाकी कोट, आणि हिवाळ्यातलं फिकं ऊन रेंगाळावं अशा पांढऱ्या भुवया. विमानाची घरघर ऐकू आली की हातातलं काम टाकून ते मान वर करत आणि आवाज पुरता विरेपर्यंत खाली पाहत नसत. गाडी चालवणं त्यांच्या मुलीनं केव्हाच सोडायला लावलं होतं. गॅरेज रिकामं, येणारंजाणारं कुणी नाही, तरी दारापासून रस्त्यापर्यंतचा सारा ड्राइव्हवे ते कडेपासून कडेपर्यंत साफ करत. म्हातारा हट्टी आहे, असं म्हणून पहिल्या हिवाळ्यात मी मोकळी झाले.

खरं कारण कळलं ते एका दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, आल्याचा चहा घेताना. मिसरूडही धड न फुटलेल्या वयात ते पॅसिफिकमधल्या एका प्रवाळाच्या बेटावर लढाईत होते, धावपट्टी दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. रोज त्यांच्या बाजूची विमानं उडत, आणि ती आकाशात असतानाच शत्रूची विमानं येऊन धावपट्टीला खड्डे पाडून जात. पलीकडच्या झाडीतून गोळ्या येत राहत आणि ही पोरं वाकून वाकून ठेचलेलं प्रवाळ खड्ड्यांत भरत, कारण परतणाऱ्याला उतरायला जमीन हवी. एक वैमानिक निघताना काचेआडून दोन बोटं वर करी, खास या फावडेवाल्यांसाठी. एके दिवशी तो परतला तेव्हा टोकाचा शेवटचा खड्डा बुजायचा राहिला होता. त्यानं वर घिरट्या घातल्या, इंधन संपत आलं तसा समुद्राकडे वळला, आणि पाण्यानं त्याला परत दिलं नाही.

"आम्हाला थोडाच वेळ हवा होता," काका म्हणाले. चहा त्यांच्यापुढे तसाच निवत राहिला. कुणी परत यावं आणि वाट बुजलेली असावी, ही एकच धास्ती त्या माणसानं जन्मभर उराशी बाळगली होती. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी त्यांना थांबवायला गेले नाही. रस्ता साफ करणारं सरकारी वाहन जाता जाता प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी टणक बर्फाचा बांध घालून जातं. आम्ही सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतो आणि उद्यावर ढकलतो. काका मात्र सगळ्यात आधी तो बांध फोडत.

वाट पाहणं मलाही नवं नव्हतं. माझा मुलगा सांता क्लाराला. "आई, तिकीट कॅन्सल केलंय. नेक्स्ट मंथ नक्की," हे त्याचं नेहमीचं. त्या फोननंतरचं रिकामं घर मला खायला उठे, आणि मी काकांच्या पायरीवर जाऊन बसे. उठताना सवयीनं तोंडून निघे, "येते." त्यांनी अर्थ विचारला. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, मी सांगितलं; परत यायचं आहे असंच म्हणून निघायचं. दुसऱ्या दिवसापासून कुंपणापलीकडून, दोन बोटं वर करून, आपल्या ओबडधोबड उच्चारात तेही म्हणू लागले, "येतो."

पुढच्या हिवाळ्यात मुलगी त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेली, जिथे बर्फ पडतच नाही. गाडीत बसताना त्यांनी घराकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्राइव्हवेच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिथे बर्फ साचू देऊ नकोस, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मग काचेआडून दोन बोटं वर झाली. "येतो."

झाडांना पालवी फुटण्याआधीच त्यांच्या मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले.

यंदाचा पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी फावडं घेऊन त्यांच्या दारात उभी होते. मुलाचा फोन तेवढ्यात आला. "पण आई, तिथे आता कुणी राहत नाही ना? मग कशाला, यार?" आधी आपला ड्राइव्हवे करते, मग वॉल्टरकाकांचा, म्हणाले आणि फोन ठेवला. पण सुरुवात त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशीच केली.

बांध टणक होता. खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. वरून कुठलंसं विमान गेलं आणि आवाज विरेपर्यंत माझी मान खाली आली नाही. गेलेलं माणूस परत येत नाही, हे कळण्याइतकं माझं वय झालं आहे. पण जो 'येतो' म्हणून गेला, त्याला काळाच्या त्या अफाट आकाशात माझ्यामुळे घिरट्या घालाव्या लागू नयेत.