ज्यानं बुश केला, त्यानंच ऊस लावावा

मित्रांनो, मी उसाचा रस काढणारा एक जुना लोखंडी चरक आहे. कालव्याच्या बांधावर गंजत पडलो आहे. म्हातारपणी माणसं सगळ्यांना माफ करून टाकतात म्हणे. मी नाही केलं. बारामतीच्या हिंदुराव मिस्त्रीवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, आणि माझी हकिकत ऐकायची असेल तर ती रागासकटच ऐकावी लागेल.

माझा जन्म ओतशाळेतला. रसरसतं लोखंड साच्यात ओतून माझ्या तीन लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, घडवले, त्यांच्या टोकाच्या माना गुळगुळीत केल्या. आगगाडीनं बारामतीला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं लासुर्ण्याला, मोहनरावांच्या गुऱ्हाळावर आलो. बैल गोल फिरायचे, माझ्या उभ्या लाटा फिरायच्या, आणि त्यांच्यामध्ये ऊस लावायला बसायचा रावजी. अकरा हंगाम तोच बसला. बैल जुंपायच्या आधी तो मला तेल घालायचा, एक फेरा मोकळा फिरवून कान लावून आवाज ऐकायचा. रस प्यायला आलेले लोक चिपाड पिळून बघायचे आणि म्हणायचे, गडी थेंब सोडत नाही. मी फुगून जायचो, लपवू कशाला?

लाटेची मान ज्या पितळी कड्यात फिरते, त्याला बुश म्हणतात. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून तो बिचारा स्वतः झिजतो. छत्तीस सालच्या हंगामात, ऐन पौषात, माझ्या मधल्या लाटेचा बुश असाच झिजला. मोहनराव तो घेऊन बारामतीला गेले. हिंदुरावाचं दुकान रस्त्यावर, पाटी रंगीत, बसायला खुर्ची, वर चहा. आमचे मालक तिथंच विरघळले. जुना बुश पुढं ठेवून म्हणाले, "जसंच्या तसं करून द्या."

आणि त्या पठ्ठ्यानं खरंच जसंच्या तसं केलं! झिजून झिजून भोक मोठं झालं होतं. त्यानं तेच मोठं भोक मापलं आणि नव्या पितळेत तेवढंच पाडलं. लाटेची मान केवढी आहे, ती तरी धड गोल राहिली आहे का, एका शब्दानं विचारलं नाही. संध्याकाळच्या आत काम तयार, म्हणून मालक खूश.

नवा बुश घातला आणि पहिल्याच फेऱ्याला मी कण्हलो. रावजीनं लगेच हात वर केला. चरक थांबवा, लाट डुलतीया, असं तो तीनदा बोलला. मोहनराव म्हणाले, नवा आहे, बसेल हळूहळू. तोडलेल्या उसाचा ढीग उन्हात पडला होता, रसाच्या काहिलीखाली जाळ पेटला होता. थांबायला कुणाला सवड होती?

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊस अडकला. रावजी तो पुढं सारत होता आणि नेमकी माझी लाट उसळली. मित्रांनो, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं माझ्यात गेली. ज्या हातानं मला अकरा वर्षं तेल घातलं, तोच हात त्या मिस्त्रीनं माझ्याकडून चिरडवला. मला तोंड असतं तर त्या क्षणी बारामतीपर्यंत ऐकू जाईल अशी शिवी हासडली असती.

हिंदुरावाला बोलावणं गेलं. तो आला, वाकून बघितल्यासारखं केलं, आणि गुऱ्हाळावरच्या सगळ्यांदेखत म्हणाला, की काम चोख आहे, माणूसच डुलक्या काढत असणार. बुश खोटा म्हटलं तर तो आणणारे मोहनरावही खोटे ठरत होते. म्हणून त्यांनी ते पटकन मानलं आणि रावजीला कामावरून काढलं. हात गेला तो गेला, वर झोपाळू म्हणून गावभर नाव झालं. दुसऱ्या कुठल्या गुऱ्हाळावर त्याला कोण उभं करणार होतं?

रावजीची बायको साखरबाई तिथंच चिपाडं वाळवायची. ती रडली नाही की भांडली नाही. लाटेचं डुलणं काही थांबेना, म्हणून मालकांनी गुपचूप हिंदुरावाकडंच दुसरा बुश करायला टाकला, आणि पहिला काढून फेकला, तो तिनं पदरात बांधला. दुसऱ्या दिवशी मोटारीनं तिनं इंदापूर गाठलं. तिथं गेणू मिस्त्री नावाचा एक तिरसट माणूस होता. एका खोलीचं दुकान, पाटी नाही, खुर्ची नाही, पण हत्यार न् हत्यार पुसून ओळीनं टांगलेलं. त्यानं बुश हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "मान कुठाय?"

"कुणाची?"

"लाटंची. बुश म्हंजी निम्मी गोष्ट झाली, बाई. मान बघितल्याबिगर मी ह्येला बरा म्हणणार न्हाय, आन वाईटबी म्हणणार न्हाय."

साखरबाईनं घरी येऊन हे सगळं नवऱ्याला जसं घडलं तसं सांगितलं. गेणूनं जाताना तिला एक खूणही दिली होती. मान आणि बुश यांच्या फटीत उसाचं पान जावं, चिपाड जाऊ नये.

दोन दिवसांनी हिंदुराव स्वतः दुसरा बुश बसवायला आला, आणि बसवून मिशीवर हात फिरवत उभा राहिला. साखरबाई पुढं झाली. तिनं चिपाडाची एक काडी उचलली आणि सगळ्यांसमोर फटीत सारली. काडी सरळ आत गेली. बायामाणसांना यातलं काय कळतं, असं काहीसं तो पुटपुटला. तेव्हा तिनं एक ऊस उचलून त्याच्यापुढं धरला.

"काम चोख हाय म्हणता न्हवं? आमचं धनी डुलकी घेत हुतं. तुमी जागं हाय. लावा ऊस."

अख्खं गुऱ्हाळ बघत होतं. हिंदुरावाला मागं सरता येईना. तो माझ्यापुढं बसला आणि बैल चालले. माझ्या मनात काय होतं ते सांगू? त्याचा हात हवा होता मला. अख्खा. मी सगळा जीव एकवटून खडखडलो, लाट हलली, ऊस थडाथडा उडाला, आणि मिस्त्री ऊस टाकून असा मागं पडला की थेट चिपाडांच्या ढिगात बसला. हात त्याचा वाचला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्याची बोबडी वळलेली साऱ्या गावानं पाहिली. पुढं त्या रंगीत पाटीखाली आमच्याकडचं गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. मला दया आली का? मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी साखरबाईच्या सांगण्यावरून माझी लाटच गाडीत घालून गेणूकडं नेली. घाई केली तर परत घेऊन जा, असं त्यानं मोहनरावांना तोंडावर सुनावलं. आधी झिजलेली मान लेथवर गोल केली, मग तिच्या मापाचा बुश केला. दोन दिवस गेले, चार गाड्या ऊस वाळला, पण मी पुन्हा कण्हलो नाही.

मित्रांनो, म्हणून सांगतो, यंत्राचा भाग करायला टाकाल तेव्हा पाटी बघू नका, चहा पिऊ नका. कारागीर तुम्हाला काय विचारतो ते ऐका. जो काहीच विचारत नाही, त्याच्याकडून उठून या. आणि यंत्र कुरकुरलं तर त्याच्याजवळ बसणाऱ्याला आधी विचारा.

मोहनराव रावजीला बोलवायला त्याच्या खोपटावर गेले. चूक माझी झाली म्हणाले. साखरबाई दारातच उभी राहिली.

"ही चूक हितं नगं, मालक. जितं डुलकी म्हणालासा, तितं बोला. आन ह्येंनी थांबवा म्हटलं, की चरक थांबला पायजे."

मोहनराव गुऱ्हाळावर सगळ्यांसमोर बोलले. रावजी आला, पण ऊस लावायला बसला नाही. पहिल्या फेऱ्याला तो माझ्याजवळ उभा राहिला, काहीही बिघडलेलं नसताना उरलेली तीन बोटं वर करून म्हणाला, "थांबवा." आणि मालक स्वतः पळत बैलांना आडवे गेले.