रक्त सुधारलं

चष्मेवाल्यांशी त्यांची बायको नऊ वर्षं बोलत नव्हती. तिच्या भावाला शेवटच्या आजारात यांनी घरात घेतलं नाही. "दोन खोल्यांत कुठे निजवायचा?" म्हणाले, आणि तो परक्यांच्या हातात गेला. तेव्हापासून काही सांगायचंच झालं, तर बाई भिंतीला सांगे, "वाढून ठेवलंय." भिंत बिचारी कधी उलट बोलली नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात ती एकदम म्हणाली, "अहो, ऐकलंत का? खिडकी लावा, गार लागतंय."

चष्मेवाल्यांच्या हातातली चष्म्याची काडी गळून पडली. मग ती रोजच बोलू लागली. भाऊ गेला हेच विसरली होती, तर राग कुठून आठवणार? गॅस चालू राही, दुकानात निघालेली बाई भलत्याच गल्लीत सापडे. पण संध्याकाळी शेजारी बसून गप्पा मारी. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं होतं. माणूस खुळ्यासारखा सुखी होता.

एकदा तिची बाही पेटता पेटता राहिली, तेव्हा मात्र त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

"वय झालं म्हणून सोडून देऊ नका, आजोबा," तपासणीचे कागद बघून डॉक्टरीण म्हणाली. "रक्त फार कमी आहे, बी-बारा तर नसल्यातच जमा. इंजेक्शनं देऊ. बरंचसं परत येईल."

"सगळं आठवेल?"

"बहुतेक."

इंजेक्शनं द्यायला घरी येणाऱ्या नर्सला नको म्हणणं काही अवघड नव्हतं. त्यांनी फोन उचललाही. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, आपली मोरी कुठल्या बाजूला?" आवाज इतका घाबरलेला होता, की त्यांनी फोन ठेवून दिला.

इंजेक्शनांनी बाईच्या गालांवर रंग आला. गप्पा आटत गेल्या. एका दुपारी ती भावाच्या फोटोसमोर बसून खूप रडली, आणि यांचं जवळ जायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या इंजेक्शनाला नर्सने वार, महिना, पत्ता विचारला. बाईने धडाधड सांगितलं.

"आणि हे कोण, आजी?"

"माझे मिस्टर. ओळखते मी. बोलत नाही."

नर्सला ती थट्टाच वाटली. चष्मेवालेही हसले. मग तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "पोरी, पुढच्या आठवड्यातही येशील का? इंजेक्शन नको. नुसती तिच्याशी बोलत बस. मी आतल्या खोलीतून ऐकेन."