तळाची फळी

"पाणी आवाज करून येत नाही, बाई. रोज फळी उचलून बघावं लागतं." मला घडवणारा सुतार माझ्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणाला आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेला. मी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. माझा रंग नवा होता. पाण्याची कसली भीती?

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नौका आहे. लांबी चौतीस फूट, अंग लाकडाचं, पोटात चार माणसं झोपतील एवढी जागा. किनाऱ्याकिनाऱ्याने आठवडाभर हिंडावं, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून मुक्काम करावा, यासाठी माझ्यासारख्या नौका बांधतात.

दुसऱ्याच वर्षी मोरीच्या नळीचा जोड सैल झाला. थेंब थेंब पाणी येत राहिलं. माझं मलाही कळलं नाही. माझे मालक शाळेत भूगोल शिकवायचे, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. सुटीनंतर ते आले तेव्हा केबिनमध्ये त्यांची चप्पल तरंगत होती. त्या दिवसापासून मास्तर रोज शाळेआधी येऊ लागले. तळाची मधली फळी उचलायची, खाली हात घालून बघायचं आणि फळीच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ ओढायची.

"माझ्या तब्येतीची कधी एवढी चौकशी केली नाहीत," त्यांची बायको म्हणायची.

"तू बोलतेस. ही बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

आम्ही तिघांनी पुष्कळ समुद्र पाहिला. धक्क्यावरची माणसं माझ्या डोलकाठीकडे माना वर करून बघत. मग एका वर्षी मास्तरांची बायको गेली. त्यानंतर माझं शीड उघडलं नाही. रेघा मात्र चालू राहिल्या. पुढे मास्तरांचा गुडघा इतका दुखू लागला की माझ्यावर चढताना त्यांना दोनदा थांबावं लागे. अखेर त्यांच्या मुलीने मला 'विकणे आहे' अशी पाटी लावली. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर लाकडासाठी फोडावी लागेल, असं दलालाने बजावलं.

महिना संपायला चार दिवस असताना एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांना दोन नौकांमधून एक निवडायची होती: मी, किंवा माझी शेजारीण. शेजारीणही चौतीस फुटांची, पण फायबरची, वयाने माझ्या निम्मी, आणि आतून दिवाणखान्यासारखी ऐसपैस. दलाल तीही विकत होता.

"बघ, इथे आपली पोरगी धावू शकेल," शेजारणीच्या केबिनमध्ये उभा राहून नवरा म्हणाला.

"धावेल, आणि नौका कलली की या टोकाहून त्या टोकाला जाऊन आपटेल. मध्ये धरायला काही आहे का?" बायकोने एका हातात मुलीचा फ्रॉक घट्ट धरला होता. माझी केबिन अरुंद. ती माझ्यात उतरली, तेव्हा दोन्ही हात पसरून तिने दोन्हीकडचे कठडे पकडून पाहिले. मग पिशवीतून मुलीची दोन जुनी दुपटी काढली आणि दोघींच्या तळाच्या फळीखाली एकेक पसरून ठेवलं.

"तू डॉक्टर झाली असतीस, तर पेशंटच्या आधी त्याच्या स्वयंपाकघराचा ओटा तपासला असतास," नवरा म्हणाला.

"उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी शेजारणीचं दुपटं कोरडं ठणठणीत निघालं. माझ्या दुपट्याचा एक कोपरा ओला होता.

"झालं, निकाल लागला," नवरा म्हणाला.

शेजारणीकडे बोट दाखवत ती दलालाकडे वळली. "हिची फळी याआधी कधी उघडली होती?"

"हिची? कधी गरजच पडली नाही. रंगाने चिकटली होती, काल तुमच्यासाठी खरवडून काढली."

मग मला दाखवायला आलेल्या मास्तरांना तिने विचारलं, "काका, हे ओलं कशामुळे?"

"इंजिनाचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथून थेंब येतात. तेवढे यायलाच हवेत, नाहीतर दांडा कोरडा घासतो. दिवसाला वाटीभर. दोन वाट्या दिसल्या तर मात्र काळजी करायची."

तिने फळी उलटी केली. रेघांच्या रांगाच रांगा. तिचं बोट एका जागी थांबलं. "इथे एवढी जागा मोकळी का?"

"एकवीस दिवस. माझी बायको दवाखान्यात होती." मास्तरांनी चष्मा पुसला. "वर्षभर दुखत होतं तिला. विचारलं की म्हणायची, मी ठीक आहे."

तिने फळी जागेवर बसवली. मग नवऱ्याला म्हणाली, "अरे, नुसती कोरडी आहे म्हणून नको. कुठे ओलं आहे ते जिचं माहीत आहे, ती घेऊ."

निघण्याच्या दिवशी मास्तर कसेबसे चढले, तळाला हात लावला, रेघ ओढली आणि पेन्सिलीचा तुकडा तिच्या हातात दिला. आता मी दुसऱ्या बंदरात आहे. रोज सकाळी नवी मालकीण फळी उचलते, मुलगी तिच्याआधी हात घालते आणि वाकडी रेघ ओढते. माझं बरं चाललं आहे.

पण मित्रांनो, जुन्या धक्क्यामागच्या इमारतीत, तळमजल्यावर, मास्तर एकटे राहतात. सकाळी घराबाहेर पडायला त्यांना आता कारण उरलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं, तर त्यांचं दार वाजवा. ते म्हणतील, मी ठीक आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, जरा बसा, आणि ओट्यावरचं चहाचं भांडं आज वापरलेलं आहे का, ते बघून या.