फक्त बाहेरून दार

या, असे जवळ सरकून बसा. पंखा तुमच्याकडे वळवते. लुशस टॉलिव्हरला आम्ही कसा निरोप दिला ते सांगते. आवाज चढला तर सांभाळून घ्या. राग अजून गेलेला नाही.

ह्यूस्टनमधल्या आमच्या गल्लीत लाकडी घरांची रांग होती. अरुंद, लांबुळकी, खोलीमागे खोली. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून परसातलं अंजिराचं झाड दिसे. गुलामीतून सुटलेल्या आमच्या पणजोबांनी बांधलेली ती घरं. शेवटी तीनच उरली. एका संस्थेने ती घेतली, मधल्या भिंती पाडून जोडली आणि गल्लीसाठी समाजकेंद्र केलं. सभेत आम्ही एकच धरून बसलो, पुढची दारं जशीच्या तशी राहिली पाहिजेत. "राहतील," असं वचन मिळालं. रंगही आम्हालाच निवडू दिला. आकाशी निवडला, टाळ्या वाजवल्या, घरी आलो. ती उघडतील का, हे विचारायचं कुणाला सुचलं? दार म्हटलं की उघडणारच, असं आपलं आम्हाला वाटलं.

आमच्यात माणूस गेला की कबरीकडे निघालेली गाडी त्याच्या जन्मघरापुढे थांबते. घरातलं कुणीतरी आतून दार उघडतं. त्याशिवाय गाडी हलत नाही.

लुशस मधल्या घरात जन्मला. तो गेला तेव्हा त्याची थोरली बहीण ओरा मे काठी टेकत केंद्रात गेली. मी सोबत होते. संचालिका मिस लॅटिमर हसून पुढे आल्या.

"मिस टॉलिव्हर, प्रवेश तिसऱ्या घरातून असतो."

"प्रवेश कुणाला हवाय बाई? शनिवारी मधलं दार उघडा, झालं."

"ते उघडत नाही. मागे भिंत घातली आहे. बाहेरून मात्र अगदी मूळचं ठेवलंय."

"उघडत नाही ते दार कसलं? कोटावरचा बिल्ला म्हणा की त्याला!"

त्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. पायरीवर बसलेला, अनवाणी, दात पडलेला लहानगा लुशस. वर लिहिलेलं, 'आपला वारसा'.

"माझ्या भावाला भिंतीवर जागा आहे," ओरा मे म्हणाली, "आणि दारात नाही?"

"तुमच्या भावना समजतात. पुढच्या महिन्यात समितीपुढे विषय ठेवते."

"तोवर त्याला कुठे ठेवू? तुमच्या फ्रिजमध्ये?"

शनिवारी गाडी थांबली. मागे आम्ही चर्चच्या सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत. आमचे पाद्री, रेव्हरंड गिड्री, पायरीवर चढले. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होतं आणि गाण्यात कधी शिरतं ते कळत नाही. ऐकताना माझी पावलं आपोआप ठेका धरतात. "कबरीची धोंड सारून तू मेलेल्या लाझारसला बाहेर हाक मारलीस ना, देवा?" त्यांनी आळवलं. "मारलीस!" आम्ही ओरडलो. त्या दिवशी ते भजन नव्हतं, भांडण होतं. देवालाही ते कळलं असणार.

ओरा मेने काठीने दार ठोठावलं. आतून काही नाही.

ती चर्चच्या सेवकाकडे वळली. "डिकन हॉलिस, तुझी पहार ट्रकमध्येच असते ना?"

"असते, सिस्टर. पण..."

"पण राहू दे, पहार आण."

दार चौकटीला ठोकून टाकलं होतं, ते खिळे उपटले. डिकनने दाराला खांदा दिला. मागची भिंत म्हणजे नुसती पातळ फळी, ती मोडून आत पडली, फोटोसकट. आमचे पणजोबा ज्या दारातून ये-जा करत, ते इतक्या स्वस्तात बुजवलं होतं!

मिस लॅटिमर फोनवर ओरडत होत्या. ओरा मे तुकड्यांवरून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मग तिनेच ते आतून, रीतीप्रमाणे, सावकाश उघडलं. पांढऱ्या झग्यावर धूळच धूळ. पार मागे, काचेतून, अंजीर दिसत होता.

"जा आता, लुशस," ती म्हणाली.

गाडी हलली.

आता तिथे नवी भिंत आहे, जाड. फोटोही परत लावलाय. ओरा मेवर केंद्राने बंदी घातली, ती तिच्या मरणानंतरही उठली नाही. तीही त्याच घरात जन्मलेली, तिची गाडी त्या दारापुढे थांबली, आणि आम्ही ठोठावत राहिलो.

त्या गल्लीतून गेलात तर आकाशी दारावर एकदा बोटं आपटा, आणि ओरा मे टॉलिव्हरची आठवण काढा.