माझ्या धुराड्यावरचं कडं

मी एक जुनी तोफ आहे, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मित्रांनो, मी एका जर्मन रणगाडा डिव्हिजनमधली स्वयंपाकाची गाडी. चार चाकं, मोठा हंडा आणि उंच धुराडं. त्या धुराड्यामुळे सैनिक मला चेष्टेने ‘रश्श्याची तोफ’ म्हणत.

फ्रान्सपासून रशियापर्यंत मी रणगाड्यांची धूळ अंगावर घेत मागून गेले. फोटो निघायचे ते त्यांचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वाटेतल्या गावांची कोठारं लुटून माझा हंडा भरला जाई, त्याचं मला काही वाटत नसे. माझं सगळं लक्ष रणगाड्यांकडे.

शत्रूचा एक रणगाडा जाळला, की आपल्या तोफेच्या नळीवर एक पांढरं कडं रंगवायची त्यांची रीत होती. सार्जंट वेंडेलिनच्या रणगाड्यावर नऊ कडी होती. मला एक तरी हवं होतं. माझा आचारी एमेरिख त्याला म्हणालाही, “साहेब, रोज दीडशे जणांना जेवू घालते ही. एक कडं रंगवा की हिला.”

“हिने काय मारलंय? कोबी?”

सगळे पोट धरून हसले. तो अपमान मी विसरले नाही.

माघार घेताना पेट्रोल संपलं आणि वेंडेलिनला आपला रणगाडा स्वतःच उडवून द्यावा लागला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मला दोन घोडे जुंपले आणि मी पुढे निघाले.

युद्ध आम्ही हरलो. मोडक्या शहराच्या चौकात एमेरिख माझ्या हंड्यात सलगमाचं पातळ सूप शिजवू लागला. एके दुपारी बायकामुलांच्या रांगेत डबा घेऊन वेंडेलिन उभा दिसला. एमेरिखने त्याच्यापुढे पांढरा रंग आणि ब्रश ठेवला. “आता तरी रंगवा, साहेब. अख्खा चौक जगवलाय हिने.”

वेंडेलिनने ब्रश घेतला. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती. पण त्याचा हात धुराड्यापर्यंत गेलाच नाही.

“एकेका कड्यामागे रणगाड्यातली चार माणसं जळली रे, एमेरिख. मी ऐकलंय त्यांना. हिला नको ते.”

मग खाली वाकून त्याने माझ्या कुशीवर लिहिलं, ‘सूप. रोज बारा वाजता.’

आज मी संग्रहालयाच्या कोपऱ्यात आहे. मधोमध एक रणगाडा आहे आणि मुलं त्याची कडी मोजतात. मला अजूनही हेवा वाटतो. पण मित्रांनो, ती कडी मोजाल तेव्हा चाराने गुणा. मग माझ्याकडे या. माझ्या कुशीवरची अक्षरं पुसट होत चालली आहेत, तेवढी जपा.